तात्पुरती अल्बिना

अल्बिना क्लेनोवशेकची नोकरी जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तिचं पोट अजून गिरणीच्या घड्याळावरच चालायचं. दहा वाजले की मालित्सा. ज्या माणसाची पाळी पहाटे सहाला सुरू होते, त्याला दहाला अर्धा तास सुट्टी आणि वाडगाभर गरम काही मिळालं नाही, तर तो माणसात राहत नाही, हे आमच्या पोद्क्रायमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला, साच्यांच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. तरी वसाहतीतल्या तिसऱ्या इमारतीत दहाच्या ठोक्याला अल्बिना पातेलं उतरवायची आणि खालच्या मजल्यापर्यंत दारं उघडल्याचे आवाज यायचे.

ती राहायची एकटी आणि पातेलं असायचं बारा जणांचं. एकट्यापुरतं शिजवणं तिला जमतच नव्हतं. सव्वीस वर्षं तिनं रोज तीनशे माणसांसाठी रांधलं होतं. तीनशेवरून बारावर येताना आपला किती जीव गेला, हे ती सांगायची तेव्हा तिला हसणाऱ्यांत मीही होतो, आणि हातात तिचाच वाडगा धरून हसत होतो.

असं असूनही कागदावर अल्बिना स्वयंपाकीण नव्हती. कागदावर ती विणकर होती. सोळाव्या वर्षी विणखात्यात लागली तेव्हा तिच्या कामगार-पुस्तिकेत निळ्या शाईनं 'विणकर' असं लिहिलं गेलं, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. त्र्याऐंशी साली सत्तेचाळीस नंबरच्या साच्याचा धोटा उडाला आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. डॉक्टरनं तीन महिने सांगितले. विणखात्याची मुकादम तोंचका राझबोर्शेक म्हणाली, पोरगी घरी बसून काय करेल, तोवर स्वयंपाकघरात डाळ निवडेल. हजेरीपटावर सत्तेचाळीस नंबरसमोर तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'तात्पुरती स्वयंपाकघरात'. पेन्सिलीनं अशासाठी, की खोडता यावं.

ते कुणी खोडलंच नाही. दर महिन्याला नवा पट व्हायचा आणि दर महिन्याला तोंचका तोच शब्द लिहायची. ती निवृत्त झाल्यावर नव्या मुकादमानं जुन्याचं पाहून तेच उतरवलं. मध्यंतरी देश बदलला, पैसे दोनदा बदलले, सत्तेचाळीस नंबरचा साचा मोडीत निघाला, पण पटावर तो साचा होता, त्यावर अल्बिना होती आणि अल्बिना तात्पुरती स्वयंपाकघरात होती. गिरणीत तिला सगळे तात्पुरती अल्बिनाच म्हणायचे. आज तात्पुरतीनं काय शिजवलंय, असं विचारत माणसं रांगेत उभी राहायची आणि ती डाव उगारून सगळ्यांना दम द्यायची.

गिरणी गेली आणि त्या थट्टेचे दात दिसले. रोजगार कचेरीत नाव घातलं तेव्हा संगणकानं पुस्तिकेत होतं तेच घेतलं. विणकर, स्त्री, पन्नाशीच्या पुढची. अख्ख्या देशात विणकराची एकही जागा नव्हती, आणि असलीच तर पन्नाशीच्या बाईला कुणी दारात उभं केलं नसतं. आमचा देश इतका लहान, की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला कोणत्याही सीमेपलीकडे पोचतो. तरी राजधानीत, ल्युब्ल्यानाला बसलेल्या लोकांना पोद्क्राय फार लांब वाटतं. तिथून दरवर्षी नवा रोजगार कार्यक्रम यायचा, त्यात अल्बिनासारख्यांसाठी दरवर्षी नवं नाव असायचं, आणि त्या नावाखाली तिला कुठेतरी पाठवलं जायचं. अर्ज कसा लिहावा या शिबिराला ती तीनदा जाऊन आली. संगणकाच्या वर्गाला गेली. एक हिवाळा नगरपालिकेसाठी बर्फ आणि पाला झाडला. कामाची इच्छा जागवण्याचंही एक शिबिर झालं. तिथे ती वीस जणांना पुरेल एवढा अक्रोडाचा रोल करून घेऊन गेली, आणि शिकवणाऱ्या तरुणानं दोन तुकडे खाऊन तिला विचारलं, तुम्हाला आयुष्यात नेमकं काय करायला आवडतं.

कचेरीत तिची फाइल दारिंका ओत्सेपेककडे होती. दारिंकाची आई सूतखात्यात होती, त्यामुळे शाळा सुटल्यावर तिनं कित्येक दुपारी अल्बिनाच्या स्वयंपाकघरात वाडगा चाटलेला. कचेरीत ती बाकी सगळ्यांना बाई म्हणायची, हिला मात्र मावशी. दारिंकाच्या मनाला एकच गोष्ट टोचत होती. देशात कशाची टंचाई आहे याची एक यादी कचेरीत यायची, आणि वरच्या तीन-चार नावांत स्वयंपाकी कायम असायचे. आपले स्वयंपाकी दुप्पट पगारासाठी ऑस्ट्रियाला जायचे, त्यांच्या जागी बोस्नियातून माणसं आणायची खटपट चालायची, आणि इथे समोरच्या खुर्चीत सव्वीस वर्षं गावाला जेवू घातलेली बाई विणकर म्हणून बसलेली.

त्या जानेवारीत दारिंकानं तिला मुद्दाम बोलावून घेतलं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमातला स्वयंपाकी ऑस्ट्रियात ग्रात्सला चालला होता आणि एक मार्चपासून जागा रिकामी होणार होती. ज्यांनी शाळेत न शिकता कामावर शिकून घेतलं, त्यांच्यासाठी सरकारी परीक्षा होती. समितीसमोर शिजवून दाखवायचं, दाखला घ्यायचा. बारा फेब्रुवारीला पुढची परीक्षा. अर्जासोबत फक्त एक कागद हवा होता, वरिष्ठाच्या सहीचा, की ही बाई खरंच स्वयंपाकघरात होती.

"कुणाची सही आणू?" अल्बिना म्हणाली. "कँटीनचा मॅनेजर गेला. गिरणीचं दप्तर पुरात भिजलं."

"तोंचकाबाई आहेत की. वृद्धाश्रमातच आहेत, बारा नंबरच्या खोलीत. त्यांनीच तर तुम्हाला पाठवलं होतं."

अल्बिना हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला ते दारिंकाला कळलं नाही. अल्बिनाला ती नोकरी हवी होती. पेन्शनला अजून चार वर्षं होती आणि मुलगी उर्शका ग्रात्सहून दर रविवारी फोन करून तिकडे राहायला ये म्हणायची, पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण असं, की मेल्यावर आपल्या नावापुढे लोक काय लिहितील याचा विचार ती हल्ली करू लागली होती. तिला विणकर म्हणून मरायचं नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही, पण ज्यानं तिच्या हातचं खाल्लंय त्याला ते सांगावंही लागू नये.

दुसऱ्याच दिवशी ती टेकडी चढली. तोंचका बहात्तर वर्षांची झाली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून चाक लावलेल्या खुर्चीत बसायची, पण जीभ पूर्वीसारखीच चालायची. तिनं आधी अल्बिनाला बूट काढून सपाता घालायला लावल्या, मग कागद वाचला आणि दुमडून परत दिला.

"मी खोटं लिहून देत नाही," ती म्हणाली. "तू विणकर. दोन साहेबांशी भांडून मी तुझा साचा राखला. आता मीच लिहून देऊ, की ही माझी कामगार नव्हतीच?"

"होते ना. पण नंतर नव्हते, मुकादमबाई."

"नंतर म्हणजे कधीपासून? मला कुणी सांगितलं होतं?"

अल्बिनानं सपाता काढल्या. मग ती उठली, बूट घातले आणि कागद पिशवीत टाकून टेकडी उतरून आली. त्या दिवशी तिसऱ्या इमारतीत दहाला पातेलं उतरलं नाही. असं पाच वर्षांत पहिल्यांदा झालं, आणि तळमजल्यावरचा म्हातारा फ्रान्सेल वाडगा घेऊन वर आला तो तिला ताप आलाय असं समजून.

ताप नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर अल्बिनाकडे होतं आणि ते तिनं तीस वर्षं कुणाला दिलं नव्हतं. बोटं बरी झाली होती. तीन महिने कशाला, अडीचच महिन्यांत ती सुई ओवू लागली होती. पण मुकादम विचारायला आली, की ती बोटं आखडून धरायची आणि अजून वळत नाहीत म्हणायची. विणखात्यात साच्यांच्या खडखडाटात आठ तास कुणी कुणाशी बोलू शकायचं नाही. स्वयंपाकघरात तीनशे माणसं दहा वाजता खिडकीशी येऊन तिच्याशी दोन शब्द बोलून जायची. तिला परत जायचंच नव्हतं. आणि तिकडे तोंचका तिच्यासाठी साचा अडवून बसली होती, बदलीवर आलेल्या बायकांना तो पक्का देत नव्हती, वरच्यांची बोलणी खात होती. अल्बिनाला हे सगळं कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळ निघून गेली. ज्या बाईनं आपल्यावर इतका जीव लावला तिला आपण फसवलं, ही गोष्ट तिच्या मनातून कधीच गेली नाही.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी सकाळी अल्बिनानं रिचेत शिजवलं. जव, राजमा, धुरावलेलं डुकराचं मटण, वरून लसूण. गिरणीत गुरुवार म्हणजे रिचेत, यात कधी बदल झाला नव्हता. झाकणाच्या डब्यात भरून, डबा लोकरीच्या शालीत गुंडाळून ती बरोबर दहाला बारा नंबरच्या खोलीत पोचली, न सांगता सपाता घातल्या आणि वाढलं.

तोंचका जेवू लागली. अर्धा वाडगा झाल्यावर अल्बिनानं तोंड उघडलं.

"बोटं पहिल्या नाताळच्या आधीच बरी झाली होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं नाही. मला साच्यावर परत यायचं नव्हतं. तुम्ही माझी जागा राखत होता आणि मी बोटं वाकडी करून दाखवत होते. हवं तर सही करू नका, पण हे तुम्हाला सांगायचं होतं."

तोंचकानं वाडगा पुसून घेतला, शेवटचा जवाचा दाणाही सोडला नाही.

"सलगम," ती म्हणाली.

"काय?"

"त्या नोव्हेंबरात तू मागच्या पायरीवर सलगम सोलत होतीस. साल एका तुकड्यात निघत होती, अशी हातभर लांब. आखडलेल्या बोटांनी असं सलगम सोललेलं मी तरी पाहिलं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मुकादम होते मी, आंधळी नव्हते."

"मग तात्पुरती का लिहीत राहिलात?"

"स्वयंपाकघरातलीला पगार कमी होता. तुझी उर्शका तेव्हा पाळण्यात, आणि तिचा बाप कुठे गेला ते त्यालाच माहीत. विणकर म्हणून पटावर होतीस तोवर विणकराचा पगार मिळत होता. आणि उद्या कुणी स्वयंपाकघर बंद केलंच असतं, तर तुला यायला साचा होता."

"मग त्या दिवशी सही का नाही केलीत?"

"तीस वर्षं थांबले होते," तोंचका म्हणाली. "एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, बाकी काही नाही. आण तो कागद. आणि पेन आण, पेन्सिल नको."

अल्बिना रडली. तोंचकानं तिला रडू दिलं आणि तेवढ्यात कागदावर आपल्या हातानं, कागदोपत्रीच्या पूर्ण नावानिशी लिहिलं, की मी, अंतोनिया राझबोर्शेक, विणखात्याची मुकादम, लिहून देते की अल्बिना क्लेनोवशेक सव्वीस वर्षं गिरणीच्या स्वयंपाकघरात होती. पेन्शनीत गेल्यावरही मी तिथेच जेवायला जात होते, त्यामुळे ही माहिती ऐकीव नाही. मीठ नेहमी किंचित जास्त.

दारिंकानं तो कागद मिठासकट अर्जाला जोडला.

परीक्षा हॉटेलच्या शाळेत होती. सकाळी आठला तीन परीक्षक, तीन उमेदवार, आणि पाटीवर लिहिलेलं: चार जणांसाठी सूप, मुख्य पदार्थ, गोड. चार हा आकडा वाचून अल्बिनाचा धीर सुटला. आदल्या आठवडाभर ती घरी चार जणांचं शिजवायचा सराव करत होती आणि वसाहतीत आम्ही सगळे दोन-दोनदा जेवत होतो. तिचा हिशेब मुठीचा होता. माणशी एवढं नाही, रांगेमागे एवढं. आणि चार माणसांची रांग तिनं कधी पाहिलीच नव्हती.

दोन तासांत तिनं जे केलं त्यात हात कुठेच चुकला नाही, चुकला फक्त आकडा. दहा वाजले तेव्हा तिच्यासमोर निदान पंधरा जणांचं तयार होतं. बाकीचे दोन उमेदवार अजून चिरत होते. अल्बिनानं घड्याळाकडे पाहिलं, हात पुसले, कपाटातले सगळे वाडगे काढले आणि वाढायला घेतलं. आधी त्या दोघांना, मग दारात फरशी पुसत असलेल्या बाईला, मग शिपायाला, आणि शेवटी परीक्षकांना.

"क्लेनोवशेकबाई, इथे चारच जणांचं लिहिलंय," मुख्य परीक्षक म्हणाले.

"चौघांनाच वाढून बाकीच्यांनी काय बघत बसायचं?" ती म्हणाली. "दहा वाजलेत."

मग मुख्य परीक्षकानं खुर्ची ओढली, सगळ्यांना जेवा म्हणून सांगितलं आणि चमचा उचलला. निकालाच्या कागदावर प्रमाणाला दहापैकी शून्य होतं. बाकीच्या सगळ्या रकान्यांत जवळजवळ पूर्ण गुण होते, आणि खाली लिहिलं होतं, दाखला द्यावा. दाखल्यावर तिच्या नावापुढे एकच शब्द होता, स्वयंपाकीण, आणि तो शाईत छापलेला होता. बसमध्ये तिनं तो इतक्यांदा बाहेर काढला, की शेजारच्या बाईनं तिला नातू झाला का म्हणून विचारलं.

फेब्रुवारीच्या शेवटी दारिंका करार घेऊन स्वतः टेकडीवर आली. अल्बिना तोंचकाच्या खोलीतच होती. दारिंकानं कागद पुढे केला, पण तिला तो देववत नव्हता. पन्नाशीपुढच्यांना कामावर घेतलं तर सरकार मदत देतं, आणि ती मदत एका वर्षाचीच असते, असं तिनं सांगितलं. म्हणून करारही वर्षाचाच होता. पुढचं पुढे बघू, असं आश्रमाचं म्हणणं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: तात्पुरती नेमणूक.

"मावशी, मी खूप भांडले," दारिंका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तोंचकानं कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा शब्द मी लिहायचे तेव्हा हिची जागा दुसरीकडे राखलेली असायची," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता तेव्हा कुठे राखलेली असते, पोरी?"

याचं उत्तर ल्युब्ल्यानातही कुणाकडे असेल असं मला वाटत नाही, आणि मला याचा मनापासून राग येतो. अल्बिनाला मात्र राग आला नाही. तिनं कागद तोंचकाच्या हातातून घेतला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि बऱ्या झालेल्या दोन बोटांत पेन धरून सही केली.

"काळजी करू नकोस, दारिंका," ती म्हणाली. "मागची तात्पुरती सव्वीस वर्षं टिकली."

मग तिनं तोंचकाची खुर्ची वळवली आणि जेवणघराकडे ढकलत नेली, कारण दहाला पाच मिनिटं कमी होती.